मळभ आलंय, पण पाऊस येणार का? उपग्रहाच्या चित्रात जेट वारा ओळखताना

डिसेंबरातली सकाळ. देवगडहून थोरल्या चुलतभावाचा फोन. "मळभ इलाहा रे. पाऊस पडतलो काय? औषध मारूचा काय नको?"

ज्याच्या घरी हापूसची कलमं आहेत त्याला या प्रश्नातली कळ समजेल. नुसतं मळभ राहणार असेल तर दमट हवेत तुडतुडे वाढतात, मोहोरावर भुरी आणि करपा चढतो, म्हणून फवारणी करायलाच हवी. पाऊस येणार असेल तर तीच फवारणी धुऊन जाते आणि औषधाचे, मजुरीचे पैसे पाण्यात. आकाश दोन्ही वेळा सारखंच दिसतं, राखाडी.

काही वर्षांपूर्वी मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "थांब, पाऊस येतोय." उपग्रहाच्या चित्रात अरबी समुद्रापासून मध्य भारतापर्यंत पांढरा जाड पट्टा पडलेला दिसत होता. तो थांबला. पाऊस टिपूसभर पडला नाही, मळभ तीन दिवस बसून राहिलं आणि तुडतुड्यांनी मोहोर चिकट करून टाकला. त्यानंतर बराच काळ त्याने माझ्याकडे हवामान विचारलं नाही, आंबे पाठवले तेवढे. चूक माझी होती. मी पांढरा रंग पाहिला, त्या पांढऱ्याची कड पाहिली नाही. तो पट्टा पावसाळी ढगांचा नव्हताच, जेट वाऱ्याने ओढून आणलेल्या बर्फाच्या स्फटिकांचा होता.

जेट म्हणजे काय, ते आधी. जमिनीपासून साधारण 12 किलोमीटर उंचीवर, विमानं जिथून उडतात तिथे, हवेची एक अरुंद नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. ताशी सुमारे 108 किलोमीटरच्या वर वेग गेला की तिला जेट म्हणायचं, असा हवामानशास्त्राचा संकेत आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर तिच्या गाभ्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे असतो. लंडनहून मुंबईला येताना विमानाला लागणारा वेळ जातानापेक्षा बराच कमी असतो, त्यात या वाऱ्याचा मोठा हात आहे.

हा वारा येतो कुठून? फुगडी आठवा. हात लांब ताणून फिरणाऱ्या दोघी एकमेकींजवळ आल्या की गरगर वाढते. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उंचावरून उत्तरेकडे सरकते, तेव्हा ती पृथ्वीच्या आसाच्या जवळ जवळ येत असते. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, 30 अंश अक्षांशावर सुमारे 1450 ने. हवा मूळचा वेग घेऊन आलेली असते, त्यात फुगडीचा नियम लागतो, आणि ती खालच्या जमिनीच्या पुढे पळू लागते. वाटेत काही अडथळा नसता तर 30 अंशांवर हा वारा ताशी 480 किलोमीटरपर्यंत गेला असता. वादळं आणि भोवरे त्यातला बराच वेग खाऊन टाकतात, म्हणून प्रत्यक्षात तो निम्मा किंवा त्याहून कमी उरतो.

शिवाय दक्षिणेची गरम हवा फुगून उंच झालेली असते आणि उत्तरेची गार हवा आकसून बसलेली. आपल्या कोकणावर पावसापाण्याच्या हवेचं छत 16-17 किलोमीटरवर असतं, जेटच्या उत्तरेला तेच 11-12 वर उतरतं. छताच्या या पायरीवर जेट वाहतो. ही पायरी लक्षात ठेवा, चित्रात दिसणारी कड म्हणजे तिचीच सावली.

(थोडं विषयांतर. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे जोरदार उंच वारे मोजले होते आणि 1926 मध्ये अहवालही छापला, पण एस्पेरांतो भाषेत. जगाला कळावं म्हणून जगाची भाषा निवडली आणि जगाने ती वाचलीच नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणारी अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर या वाऱ्यात सापडली, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.)

आता चित्रं. आपले इन्सॅट उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, 74 आणि 82 अंश पूर्व रेखांशावर बसवलेले आहेत. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे ते आपल्या डोक्यावर खिळल्यासारखे राहतात. इन्सॅट-3डीआर 2016 मध्ये गेला, इन्सॅट-3डीएस फेब्रुवारी 2024 मध्ये. त्यांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात. वेळ तेवढी नीट वाचायची. चित्रावर जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. शून्य वाजताचं चित्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. हे न कळल्यामुळे लोक सकाळचं चित्र मध्यरात्रीचं समजून वाद घालताना मी पाहिले आहेत.

चित्रं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं दृश्य प्रकाशाचं, म्हणजे साधा फोटो. ते फक्त दिवसा मिळतं. जाड ढग त्यात पांढरेशुभ्र, पातळ ढग साडीच्या पदरासारखे, आरपार किनारा दिसतो. दुसरं इन्फ्रारेड. ते ढगाचा माथा किती गार आहे ते सांगतं. जितका उंच तितका गार, जितका गार तितका पांढरा. समुद्रावर बसलेला खालचा ढग इथे समुद्राच्याच रंगात मिसळून जातो. तिसरं बाष्पाचं चित्र, आणि जेट शोधायला माझं सगळ्यात आवडतं तेच. हा कॅमेरा हवेच्या वरच्या आणि मधल्या थरातला ओलावा बघतो. ओलं ते उजळ, कोरडं ते काळं. खाली पावसाची झड लागलेली असली तरी वरची हवा कोरडी असेल तर याला त्याचा पत्ता नसतो.

टीव्हीवाल्यांबद्दल एक तक्रार इथेच करून टाकतो. इन्फ्रारेड चित्राला रंग चढवले की सगळ्यात गार माथे लाल दिसतात. लाल म्हणजे मुसळधार असं निवेदक बिनदिक्कत सांगतात. त्या लाल रंगाचा अर्थ एवढाच, की ढगाचा माथा फार गार आहे. खाली पाऊस पडतोय की नाही, हे त्याला एकट्याला ठाऊक नसतं.

मग आघाडी. हा शब्द आपल्याकडे राजकारण्यांनी पळवला, पण हवामानात तो पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या शास्त्रज्ञांनी रणांगणावरूनच उचलला. गार हवेचा लोट गरम हवेत घुसतो, दोन्ही जिथे भिडतात ती शीत आघाडी. गरम हवा वर उचलली जाते आणि त्या रेषेवर ढगांची रांग धरते. वरून पाहिलं तर पूर्ण वाढलेल्या अशा प्रणालीचा आकार स्वल्पविरामासारखा दिसतो. वर गोल डोकं, खाली वळत गेलेली लांब शेपटी. शेपटी म्हणजे शीत आघाडी. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत उत्तर भारतात येणारे पश्चिमी झंझावात याच कुळातले. युरोपच्या नकाशात दिसतात तशा रेखीव आघाड्या मात्र आपल्याकडे क्वचित. वाटेतले डोंगर त्यांचे लचके तोडतात. चित्रात फाटका स्वल्पविराम दिसला तर तो आपला समजावा.

या आघाडीवर जेट काय करतो, ते ओळखायच्या खुणा चार-पाच आहेत, पण दोन पक्क्या झाल्या तरी काम भागतं.

पहिली खूण कड. जेटच्या दक्षिण बाजूला उंच बर्फाळ ढगांची, म्हणजे सिरसची, लांबच लांब चादर पसरते. तिची उत्तरेकडची कड सुरीने कापल्यासारखी असते, दक्षिणेकडची मात्र विस्कटलेली, दसे निघालेली. जेटचा गाभा त्या कापीव कडेच्या अगदी लगत, किंचित उत्तरेला वाहत असतो. दृश्य चित्रात सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना या कडेची सावली खालच्या ढगांवर काळ्या रेघेसारखी पडते. बाष्पाच्या चित्रात हीच कड आणखी ठसठशीत होते. उत्तरेला काळी पट्टी, दक्षिणेला उजळ, मधे रेघ. ती काळी पट्टी म्हणजे छताच्या पायरीवरून खाली उतरलेली कोरडी हवा.

सावधगिरी एकच. हिवाळ्यात अरबी समुद्राच्या मधोमध बाष्पाचं चित्र एरवीही काळपट असतं, कारण त्या पट्ट्यात हवा मुळातच खाली बसत असते. म्हणून नुसता काळा रंग पाहून जेट म्हणायचं नाही. काळं आणि उजळ यांच्यामधली रेघ धारदार आहे का आणि चित्रागणिक ती सरकतेय का, हे पाहायचं.

दुसरी खूण झावळीची. माडाचं चुडत वरून बघा. मधे दांडा आणि त्याला आडव्या लागलेल्या पात्या. जेट फार जोरात असला की सिरसच्या पट्ट्यात अशाच आडव्या बारीक रेघा उमटतात, वाऱ्याच्या दिशेला काटकोनात. वारा धावतो ईशान्येला आणि रेघा मात्र वायव्य-आग्नेय. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. त्या रेघा म्हणजे वेगातल्या फरकाने हवेला पडलेल्या चुण्या. विमानाला तिथे हादरे बसतात.

तिसरी खूण शेपटीवरची. आघाडीच्या ढगांची रांग बोटाने धरून शेपटीकडून डोक्याकडे जा. एका ठिकाणी झगझगीत पांढरा रंग संपून एकदम राखाडी होतो. त्या जागी जेटने रांग ओलांडलेली असते. जेटच्या दक्षिणेला ढगांचे माथे उंच, उत्तरेला बुटके. त्याच सुमाराला डोक्याच्या आणि शेपटीच्या बेचक्यात काळी जीभ घुसलेली दिसली, तर वरची कोरडी हवा आत शिरली आहे आणि प्रणाली जोमात आहे असं समजावं.

चौथी खूण हलत्या चित्रातच सापडते. अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रं ओळीने पळवा. ताशी 150 किलोमीटरचा वारा अर्ध्या तासात ढगाचा पुंजका 75 किलोमीटर नेतो. रत्नागिरी ते देवगड हवाई अंतर साधारण तेवढंच. पुंजके असे उड्या मारताना दिसतात, पण अख्खा पट्टा जागचा हलत नाही. माझ्या चुकीचं मूळ इथे होतं. पुंजके आपल्याकडे धावताना पाहून मला वाटलं, सगळा ढगच चालून येतोय. नदीचं पाणी पळतं, पात्र कुठे पळतं?

हे सगळं इराण-पाकिस्तानात घडत असेल तर कोकणाला त्याचं काय? हिवाळ्यात जेटचा गाभा बहुधा 25 ते 30 अंश उत्तरेला असतो. डहाणू 20 अंशांवर, देवगड साडेसोळाच्या आत. म्हणजे आपण कायम जेटच्या दक्षिण बाजूला, त्याच्या चादरीखाली किंवा तिच्या दशांखाली. खरीखुरी आघाडी आपल्याकडे सहसा पोचत नाही. पोचतो तिचा पदर, आणि तो तीन तऱ्हांनी पोचतो.

पहिली तऱ्हा नुसतं मळभ. दक्षिण अरबी समुद्राकडून नैऋत्य-ईशान्य असा सिरसचा पट्टा कोकणावरून जातो. इन्फ्रारेडमध्ये पांढरट, पण त्याच वेळचं दृश्य चित्र काढलं तर पट्ट्याखालून किनाऱ्याची रेघ दिसते. रात्री चंद्राला खळं पडतं. (आमच्याकडे घरापुढच्या अंगणालाही खळंच म्हणतात, त्यामुळे खळ्यात उभं राहून खळं बघता येतं.) हा ढग दहा-बारा किलोमीटरवरचा, खाली कोरडी हवा, त्यातून काही पडलंच तरी वाटेत विरून जातं. पण रात्री तो गोधडीसारखा पसरतो, जमिनीची ऊब धरून ठेवतो, थंडी मोडते. मोहोराला हवी असते ती थंडीच.

दुसरी तऱ्हा पावसाची. तिला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. जेटची कड दक्षिणेकडे खोल झोका घेऊन अरबी समुद्रात उतरली पाहिजे, आणि त्याच वेळी समुद्रात खालच्या थरात ओलावा घेऊन कमी दाबाचं क्षेत्र किंवा पट्टा हजर पाहिजे. झोक्याच्या पूर्वेकडे हवा वर उचलली जाते. जेटमधला सगळ्यात वेगवान तुकडा तेव्हा आपल्या ईशान्येला असला तर उचल आणखी वाढते, कारण त्या तुकड्यात हवा जिथून शिरते तिथे उजव्या हाताची, म्हणजे दक्षिणेची, हवा वर चढते. 1 डिसेंबर 2021 ला मुंबई, ठाणे, पालघरला ऐन हिवाळ्यात दिवसभर पाऊस लागला, तो अशा जुळणीचा. अशा दिवशी दृश्य चित्रात पातळ पदराच्या खाली फुलकोबीसारखे गड्डे दिसतात आणि इन्फ्रारेडमध्ये तेच गड्डे चित्रागणिक पांढरे होत जातात. गड्डे दिसले की पंप धुऊन ठेवायचा.

डिसेंबर 2017 मधलं ओखी चक्रीवादळ याच तऱ्हेचं, पण उलट बाजूने शिकवणारं. केरळ-लक्षद्वीपकडून ते अरबी समुद्रात वर आलं आणि गुजरातकडे वळलं. वर आल्यावर पश्चिमी वाऱ्यांनी त्याचे उंच ढग ईशान्येकडे ओढले. खालचं चक्र एका वेगाने, वरचा माथा दुसऱ्या. गार समुद्र आणि कोरडी हवाही आड आली, आणि गुजरात किनाऱ्याजवळ येईपर्यंत वादळाचा जोर ओसरला. मुंबई-कोकणाला मात्र त्या ओढल्या गेलेल्या ढगांचा पाऊस मिळाला. वादळ शेकडो किलोमीटर दूर असताना आपल्या डोक्यावर ढग आधी का येतात, त्याचं उत्तर यात आहे.

तिसरी तऱ्हा दुर्मीळ, पण मला सगळ्यात गंमतीची वाटते. 23 जानेवारी 2022. मुंबईपासून कोकणपट्टीत लोक उठले तर बाहेर धुकं. गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर पांढरट भुकटी. जोरदार पश्चिमी झंझावातामागून आलेल्या वाऱ्याने पाकिस्तानच्या बाजूची धूळ उचलून समुद्रावरून सौराष्ट्रमार्गे इथे आणून टाकली होती. दुपारचं तापमान एकदम घसरलं, भरदिवसा गारठा. अशा वेळी दृश्य चित्रात समुद्रावर मातकट रंगाचा पडदा दिसतो. इन्फ्रारेडमध्ये त्याची फारशी दखलच नसते, कारण पडदा खालच्या थरात असतो आणि गार नसतो. शीत आघाडीने कोकणाचं दार ठोठावलं, ढग आणि पाऊस वाटेत संपले आणि हातात उरली धूळ.

तर देवगडचा फोन. या खेपेला मी आधी बाष्पाचं चित्र उघडलं. काळ्या-पांढऱ्याची रेघ पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून राजस्थानात शिरत होती, जवळजवळ सरळ, झोका नव्हता. दहा तासांची चित्रं पळवली, रेघ जागची हलली नाही. मग इन्फ्रारेड. आपल्यावर पांढरा पट्टा, उत्तरेला कापीव, दक्षिणेला दसे. आठ वाजता ऊन पुरेसं वर आल्यावर दृश्य चित्र काढलं. विजयदुर्गची खाडी ढगाखालून स्वच्छ दिसत होती, गड्डा एकही नाही. दक्षिण अरबी समुद्रही रिकामा. म्हटलं, "पाऊस नाय. मळभ आजचा दिवस, कदाचित उद्याही. मार औषध."

तो म्हणाला, "नक्की मा?" मी पुन्हा एकदा चित्र बघितलं आणि मग हो म्हटलं.

ही सगळी वाचणावळ मे महिन्यापर्यंतच चालते. मॉन्सून जवळ आला की हा जेट हिमालयाच्या उत्तरेला निघून जातो, आणि त्याच्या जागी दक्षिण भारतावर 14 ते 16 किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसराच जेट उभा राहतो. त्याचं पहिलं नीट वर्णन पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये केलं. तेव्हा चित्रातल्या खुणाही उलटतात. मोठ्या गडगडाटी ढगांचे माथे ऐरणीसारखे पसरतात आणि त्यांची शेपटं हिवाळ्यासारखी ईशान्येला न जाता पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, ओढली जातात. मेच्या शेवटी शेपटांनी अशी दिशा बदलली की मी घरी कळवतो, आगोटीची कामं उरका.

जुलैत मात्र इन्फ्रारेडवर फार भिस्त ठेवू नये. समुद्रावरून दीड किलोमीटर उंचीवर येणारा दमट वारा सह्याद्रीला धडकून जे ढग उभे करतो ते पुष्कळदा बुटके असतात. चित्रात नुसतं राखाडी, आणि आंबोलीत पागोळ्यांची धार तुटत नाही.

त्या दिवसांत उपग्रहाशिवायही जेट बघता येतो. पावसाने तासभर उसंत घेतली, ढगांना खिंडार पडलं की खळ्यात येऊन मान वर करायची. खालचे काळे ढग समुद्राकडून घाटाकडे धावत असतात. नजर माडाच्या शेंड्यावर रोखून त्या खिंडारातून वरचे पिंजलेले पांढरे ढग बघायचे. ते उंच असल्यामुळे सावकाश सरकतात असं वाटतं, पाच मिनिटं तरी लागतात कळायला. ते निघालेले असतात घाटाकडून समुद्राकडे.